शाळेनं गावची विहीर मोजावी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मार्चमध्ये १६ ते २२ तारखेदरम्यान जलजागृती सप्ताह झाला, २२ ला जागतिक जलदिन झाला. त्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या धुळे-नंदुरबार पानांवर शाळा-कॉलेजांच्या फेऱ्यांचे, रांगोळ्यांचे, जलप्रतिज्ञेचे फोटो रोज येत होते. ते पाहूनच हे पत्र लिहायला घेतलं. पत्र लांबणार आहे. जमेल तेवढं छापावं, ही विनंती.

मी साक्री तालुक्यात पांझरेकाठच्या एका गावात ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी आहे. मोटार चालू करणं, टाकी भरणं, गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवणं, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकणं, पाइप फुटला की खड्डा खोदून तो जोडणं हे माझं काम. शिक्षण बारावी. मोठी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, धाकटा नववीत. दोघांच्याही अभ्यासात पाणी आहे. मुलाला जलसुरक्षा हा विषय आहे, मुलीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा होता. दोघांची पुस्तकं मी रात्री चाळतो. पुस्तकं चांगली आहेत. ती वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण माझ्या मुलाला तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते हे पाठ आहे, ती ७२४ किलोमीटर वाहते हेही पाठ आहे, आणि आपल्या घरच्या नळाला येणारं पाणी कोणत्या विहिरीचं, ती विहीर किती खोल, आज तिच्यात किती पाणी आहे, हे त्याला शाळेत कोणी विचारलेलं नाही. बाप पाणीवाला असून त्याची ही गत. दुसऱ्या पोरांना कोण सांगणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक शाळेनं आपल्या गावची विहीर मोजावी. वर्षातून एकदा फोटोपुरती नव्हे, दर आठवड्याला, टेप टाकून, वहीत लिहून. आणि त्या वहीला गुण द्यावेत. कॉलेजांनी याच्या पुढची पायरी चढावी. ती कोणती, ते पुढे लिहितो.

पर्यावरण शिकवायचं की नाही हा वाद केव्हाच संपला आहे. मुलीच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर हा विषय शाळा-कॉलेजांत शिकवण्याचे निर्देश दिले. २००३ मध्ये न्यायालयानं पुन्हा बजावलं, विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरवला. आपल्या राज्यात तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे. म्हणजे कायदा आहे, पुस्तक आहे, तासिका आहे. नसलेली गोष्ट एकच, ती म्हणजे आपलं गाव. माझ्या मुलीनं पर्यावरणाचा प्रकल्प सादर केला तेव्हा वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचा प्रकल्प एकाच झेरॉक्सच्या दुकानातून तयार होऊन आला होता. विषय होता पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण. ज्या कॉलेजात तो जमा झाला त्याच्या छताचं पाणी गटारीत जात होतं. मुलीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटलेलं होतं, मलाही वाटलं.

आता विहिरीकडे येतो.

आमच्या गावची पाणीपुरवठ्याची विहीर नदीकाठी आहे. व्यास ६ मीटर. हे सातवी-आठवीच्या मुलाला दिलं तर तो पाय आर वर्ग करून सांगेल की विहिरीचं क्षेत्रफळ सव्वाअठ्ठावीस चौरस मीटर आहे. म्हणजे पाणी एक मीटर खाली गेलं की सुमारे २८ हजार लिटर गेलं. जल जीवन मिशनच्या हिशेबानं माणशी रोज ५५ लिटर लागतात. २८ हजारांना ५५ नं भागा, ५०० च्या थोडं वर येतं. विहिरीतलं एक मीटर पाणी म्हणजे पाचशे माणसांचा एक दिवस. मला हा हिशेब नोकरी लागल्यावर कितीतरी वर्षांनी समजला, आणि ज्या दिवशी समजला त्या दिवसापासून मी मोटार चालू करताना पाण्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. गणिताच्या पुस्तकात दंडगोल असतोच. तो दंडगोल गावात आहे, त्यात पाणी आहे, एवढं मुलांना दाखवायचं बाकी आहे.

टाकीचंही तसंच. आमची टाकी ५० हजार लिटरची. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे एका टाकीला २५० ग्रॅम. ते आधी बादलीत कालवायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची. मग नळाच्या शेवटच्या टोकाला, आमच्याकडे भिल्ल वस्तीत, ओटी टेस्ट करून बघायची. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन तिथपर्यंत पोचलं. नाही झालं तर कुठेतरी पाइपात घाण शिरते आहे किंवा पावडरच जुनी झाली आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यांच्या देखरेखीखाली ही तपासणी महिन्यातून एकदा मुलांसमोर केली तर गॅस्ट्रो का होतो, हे पोरं जन्मभर विसरणार नाहीत. पाण्याच्या स्रोताची वर्षातून दोनदा स्वच्छता पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाला कोणतं कार्ड आहे, हे दहावीच्या किती मुलांना माहीत असेल? शिक्षकांना तरी?

हे सगळं मी नुसतं कल्पनेनं लिहीत नाही. आमच्या गावच्या शाळेत काही वर्षांपूर्वी गणिताचे एक सर होते. एकदा शाळेचा नळ गळत होता म्हणून मला बोलावलं. मी वॉशर बदलायला निघालो तर म्हणाले, थांबा, उद्या या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवीचा वर्ग नळाभोवती उभा केला, खाली लिटरचं माप ठेवलं, घड्याळ लावलं. दहा मिनिटांत एक लिटर भरलं. मुलांनी गुणाकार केला, दिवसाला १४४ लिटर आलं. एका पोरानं लगेच सांगितलं, म्हणजे अडीच माणसांचं पाणी वाया चाललं. मग सरांनी मला वॉशर बदलायला सांगितलं. त्यानंतर ते दर सोमवारी मधल्या सुट्टीआधी चार-पाच मुलं घेऊन विहिरीवर यायचे. वजन बांधलेली टेप जाळीतून सोडायची, कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते वाचायचं, वहीत लिहायचं. शेजारी आठवड्याचा पाऊस, नळाला किती दिवसांआड पाणी आलं, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मुलं काय काय लिहायची! 'कांदा लागण सुरू झाली.' 'नदीत डबकी राहिली.' 'बोअरची गाडी आली होती.' ती वही मी अनेकदा वाचली आहे. आमच्या गावच्या पाण्याबद्दल इतकं खरं कोणत्याच कार्यालयात लिहिलेलं नसेल.

डिसेंबरात विहीर उतरायला लागली की मुलांनी वहीवरून काढलेल्या आलेखाची रेघ एकदम खाली वळायची. आजूबाजूच्या खासगी विहिरींवर मोटारी चालू झाल्या की आमची सार्वजनिक विहीर रात्रीत भरेनाशी व्हायची. मला हे अंदाजानं माहीत होतं, पण माझ्या अंदाजाला ग्रामपंचायतीत काय किंमत? २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सातवीतल्या एका मुलीनं तो आलेख भिंतीला लावून वाचून दाखवला. मागे बसलेले एक बाबा चिडून म्हणाले, "आमनी इहीर कसाले मोजी राहिनात ह्या पोरे?" मुलगी घाबरली नाही. म्हणाली, बाबा, तुमची नाही मोजली, गावाची मोजली. मग दुसऱ्या एकांनी विचारलं, असंच चाललं तर पाणी कधीपर्यंत पुरेल? तिनं फळ्यावर भागाकार करून मार्चचा दुसरा आठवडा सांगितला. सभेत गोंधळ झाला. नदीकाठच्या काही शेतकऱ्यांनी पहाटेच्या वेळी मोटारी बंद ठेवायचं कबूल केलं, काहींनी साफ नाही म्हटलं. टँकर त्या वर्षीही आला. पण गावात पाण्यावरून जे भांडण झालं ते पहिल्यांदा आकड्यावरून झालं, कोणाच्या भावकीवरून झालं नाही. मला त्याचं फार मोल वाटतं.

पुढे त्या सरांची बदली झाली. वही बंद पडली. नवीन शिक्षक चांगले आहेत, पण त्यांच्याकडे दोन वर्ग, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं, पोषण आहार, निवडणुकीची यादी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जी गोष्ट एका माणसाच्या आवडीवर उभी असते ती त्याच्या बदलीबरोबर जाते. म्हणूनच मी म्हणतो की मोजणीची वही शाळेची असावी, शाळेच्या दप्तरात तिची नोंद असावी, आणि हजेरीपटासारखी ती एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे रीतसर सोपवली जावी. दहा वर्षांची वही झाली की ती गावाची मालमत्ता होईल. बोअर घ्यायचं की नाही, नवीन विहीर कुठे खोदायची, कांदा किती लावायचा, ह्या प्रत्येक प्रश्नाला त्या वहीत उत्तर असेल.

हजेरीपटाचा उल्लेख केला त्यावरून आठवलं. आमच्या भागातली बरीच आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. पोरंही जातात. ज्या वर्षी विहिरी लवकर आटतात त्या वर्षी गावात मजुरी राहत नाही आणि जाणारे जास्त असतात, हे मी वस्तीत पाणी सोडताना बघतो, कारण कुलूप लागलेली घरं मला मोजता येतात. शाळेनं विहिरीची वही आणि हजेरीपट शेजारी ठेवून बघावेत. जी मुलगी फेब्रुवारीत आईबरोबर हंडा घेऊन नदीत झिऱ्यावर बसते तिला 'पाणी वाचवा' असं चित्र काढायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. ती आधीच थेंब थेंब वाचवते आहे. पाणी घरात कोण भरतं, किती लांबून भरतं, त्यासाठी कोणाची शाळा बुडते, हा धडा पर्यावरणाच्या पुस्तकात सर्वांत पुढे यायला हवा.

माझे आजोबा फडाचे पाटकरी होते. आजच्या पोरांना फड म्हटलं की तमाशाचा किंवा कुस्तीचा आठवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पांझरा, कान, मोसम, आरम, गिरणा ह्या नद्यांवर खानदेशात आणि शेजारच्या बागलाणात काही शतकांपासून दगडी बंधारे होते. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चारीतून शेताशेतात सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदीला सोडायला सांडम. भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणायचे आणि त्याचे भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक. ऊस एका फडात, गहू दुसऱ्यात, दरवर्षी फेर. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असायचा, त्यामुळे एखाद्या फडाला पाणी नाही म्हटलं तरी एकटा कोणी बुडायचा नाही. पाणी द्यायचं काम शेतकऱ्याचं नाही, पाटकऱ्याचं. त्याला मोबदला धान्यात. आणि पावसाळा सरला की नदीचा प्रवाह बघून गाव बसून ठरवायचं की यंदा किती फड भिजवायचे. पाणी कमी असेल तर फड कमी. आजोबा म्हणायचे, "पहिले पानी देख, मंग पेर." पुढे नद्यांवर वर धरणं झाली, मोटारी आल्या, पांझरा बारमाही वाहायची थांबली, बरेच बंधारे पुरांत फुटले ते दुरुस्त झाले नाहीत. काही ठिकाणी फड अजून तग धरून आहेत.

जगभरातले संशोधक हे फड बघायला येऊन गेले. आमच्या साक्री तालुक्यातल्या विद्यार्थ्याला मात्र ते अभ्यासक्रमात कुठे ठळकपणे भेटत नाहीत. इतिहासाच्या तासाला एक दिवस जवळच्या जुन्या बंधाऱ्यावर न्या. सांडम कुठे काढला आणि का काढला हे मुलांनी पायांनी चालून बघावं. गावातले ऐंशीच्या पुढचे जे थोडे लोक उरलेत त्यांना पाळीचं पाणी कसं ठरायचं ते विचारून लिहून घ्यावं. माझे आजोबा गेले तेव्हा त्यांच्याबरोबर बरंच गेलं, हे मी आज जाणतो. अजून काही आजोबा आहेत. ही गोष्ट पुढच्या वर्षावर टाकण्यासारखी नाही.

आता कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे वळतो. खानदेशाचं स्वतःचं विद्यापीठ १९९० पासून आहे, कवयित्री बहिणाबाईंचं नाव त्याला आहे, आणि ते गिरणेच्या काठी बांभोरीच्या टेकडीवर उभं आहे. तीन जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर असतं. माझ्या गावातही शिबिरं झाली. मुलं झटून काम करतात, रस्ते झाडतात, गटारी काढतात, संध्याकाळी पथनाट्य करतात. जाताना गावाला चुकल्यासारखं होतं. पण महिन्याभरात गटार पुन्हा भरते. त्याऐवजी पन्नास मुलांनी सात दिवसांत गावातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर मोजून काढले तर? कोणती विहीर किती खोल, कोणत्या साली खोदली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, किती एकर भिजतं, मोटार किती हॉर्सपॉवरची. पुढच्या वर्षीच्या तुकडीनं त्याच विहिरी परत मोजायच्या. यात भूगोलवाल्यांना नकाशा आहे, गणितवाल्यांना सांख्यिकी आहे, अर्थशास्त्रवाल्यांना कांद्याचा आणि पाण्याचा हिशेब आहे. पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरचे गुण याच कामाला द्यावेत, झेरॉक्सचा प्रश्नच राहणार नाही.

धुळे-नंदुरबारच्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला तर पायाखालीच मोठा धडा आहे. आपल्याकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब अरुंद रांगा आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम जाणाऱ्या, किल्ल्याच्या तटासारख्या सरळ. त्यांना डाईक म्हणतात. पूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांत घुसून थिजला, त्याच ह्या भिंती. जमिनीखालीही त्या खोल गेलेल्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी भूजल अडवतात. एका बाजूच्या विहिरीला मेपर्यंत पाणी आणि दुसऱ्या बाजूची जानेवारीत कोरडी, असं आमच्या शिवारात आहे. लोक त्याला नशीब म्हणतात, नारळ घेऊन पाणाड्याकडे जातात. एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं तीन गावांचा असा नकाशा करून ग्रामपंचायतीत लावला तर कित्येक शेतकऱ्यांचे कोरड्या बोअरमध्ये जाणारे पैसे वाचतील.

आणि हे खडकाचं ज्ञान नसेल तर चांगल्या कामाचीही नक्कल होते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांच्या साखळ्या बांधल्या गेल्या, विहिरींना पाणी आलं, सगळीकडे शिरपूर पॅटर्नचं नाव झालं. मग जिकडेतिकडे जेसीबी लागले. पण तापीकाठचा गाळाचा भाग वेगळा आणि आमच्या बाजूचा कातळ वेगळा. गाळाच्या भागातही वर चिकण मातीचे थर आहेत, ते भेदल्याशिवाय पाणी खाली मुरत नाही, हे समजून ते काम झालं होतं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याचा प्रश्न आणखी तिसराच. तिथे सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांतून पाणी खूप वेगानं मुरतं, पण उपसा त्याहून जास्त. केळीच्या एका खोडाला उन्हाळ्यात ठिबकवरही दिवसाला वीसेक लिटर लागतात. पाच बाय पाच फुटांवर एकरी सतराशेच्या वर खोडं बसतात. एकराला दिवसाचे ३४ हजार लिटर झाले, म्हणजे माणशी ५५ लिटरनं सहाशे माणसांचं पाणी. हे मी केळीवाल्यांवर रागानं लिहीत नाही, केळीवर तिकडची घरं चालतात. पण रावेरच्या आठवीतल्या मुलानं हा हिशेब स्वतः केलेला असावा, म्हणजे उद्या वडिलांच्या शेतात आच्छादन किंवा पुनर्भरणाचा विषय निघाला की तो मुलगा गप्प बसणार नाही.

बारीपाडा आमच्याच तालुक्यात आहे. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हा सगळ्यांना आपल्या घरच्या माणसाचा सन्मान झाल्यासारखं वाटलं. गावानं एकत्र येऊन जंगल राखलं, पाणी अडवलं, वनभाज्यांचा महोत्सव सुरू केला. तिथे सहली खूप जातात. माझी मुलगीही जाऊन आली. तिला मी विचारलं, गावानं नियम काय केले, मोडणाऱ्याला दंड कोण करतं, राखण कोणाच्या पाळीनं होते, पहिल्या वर्षी विरोध कोणी केला आणि त्यांना कसं समजावलं? तिला हे विचारायचं सुचलं नव्हतं, कारण कोणी विचारायला सांगितलं नव्हतं. तिनं झाडं बघितली. झाडं ज्या बैठकांतून उभी राहिली त्या बैठकांबद्दल विद्यार्थ्यांनी विचारलं पाहिजे. धुळे तालुक्यात लामकानीनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून डोंगरावर गवत आणलं, तिथेही हेच प्रश्न घेऊन जावं.

खर्चाचं म्हणाल तर टेप काही शे रुपयांची. वही दहा-वीस रुपयांची. पर्जन्यमापक सरळ भिंतीच्या बाटलीचा वर्गात होतो. महसूल मंडळाला हवामान केंद्र आहे, पण आमच्याकडे नदीच्या या काठाला पाऊस आणि त्या काठाला कोरडं असं होतं, म्हणून शाळेचा स्वतःचा आकडा हवाच. शाळेचं छत ४० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरा, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरा. १ लाख २० हजार लिटर पडतं. वाया जाणारं सोडून ९५ हजार तरी हाती लागेल. ते शाळेच्या बोअरभोवती मुरवायचं की टाकीत साठवून मुलींच्या स्वच्छतागृहाला वापरायचं, हे मुलांनाच ठरवू द्यावं.

एक काळजी मात्र कडक घ्यावी. उघड्या, कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना अजिबात नेऊ नये. सार्वजनिक, जाळी बसवलेली विहीरच निवडावी, सोबत शिक्षक आणि आमच्यासारखा कर्मचारी असावा. पोहताना आणि पाणी भरताना मुलं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपल्याच पेपरात वाचतो.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आणि या यंत्रणेला माझी विनंती आहे की जवळची निरीक्षण विहीर कोणती हे प्रत्येक शाळेला कळवावं, मोजणीच्या दिवशी मुलांना बघू द्यावं आणि जुने आकडे शाळेच्या फलकासाठी द्यावेत. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांना सरावाच्या काळात एक विहिरीचा पाठ सक्तीचा करावा. आणि ग्रामपंचायतींनी ऑक्टोबरची मोजणी झाली की रब्बीच्या आधीच ग्रामसभेत मुलांना वही वाचायला बोलवावं. २६ जानेवारीपर्यंत कांदा लागून गेलेला असतो, तेव्हा वाचून हळहळण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. आमच्या गावात तसंच झालं होतं.

जूनमध्ये शाळा उघडतील. मी आमच्या मुख्याध्यापकांना भेटून जुनी वही कपाटातून काढायला सांगितली आहे. ती सापडली, तिची दोन पानं भिजून चिकटली आहेत, बाकी शाबूत आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता मी विहिरीवर असतोच. आजूबाजूच्या गावांतल्या कोणत्याही शाळेला टेप कशी सोडायची, टीसीएल किती टाकायचं, ओटी टेस्ट कशी बघायची हे शिकायचं असेल तर मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गावी यायला तयार आहे. तालुक्यातले माझ्यासारखे इतर पाणीपुरवठा कर्मचारीही येतील, मी काहींशी बोललो आहे. आम्हाला मानधन नको. शाळेनं बोलवावं.

आपला,
एका ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी,
पांझराकाठ, ता. साक्री, जि. धुळे